मालिश घरी येते तेव्हा

ल कॉर्बुझिए यांनी १९५१ साली चंडीगडचा आराखडा हाती घेतला, तेव्हा त्यांनी शहराची कल्पना मानवी देहावर बेतली होती. उत्तरेकडील शासकीय इमारतींचा समूह हे त्या देहाचे मस्तक, सेक्टर १७ हे हृदय, शहराच्या मधून जाणारी उद्यानांची हिरवी पट्टी ही फुप्फुसे आणि सात प्रकारच्या रस्त्यांची जाळी ही रक्ताभिसरणाची व्यवस्था मानली गेली. सेक्टर म्हणजे साधारण ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब असा नगरविभाग, ज्यात घरांबरोबरच शाळा, दुकाने आणि बागा असाव्यात आणि रोजच्या गरजांसाठी रहिवाशाला बाहेर जावे लागू नये, असा मूळ विचार होता. सेक्टर १७ मात्र राहण्यासाठी योजलेलाच नव्हता. दुकाने, बँका, कार्यालये, बसस्थानक, नीलम चित्रपटगृह, वाहनांना मज्जाव असलेला फरसबंद चौक आणि त्याभोवती उघड्या काँक्रीटच्या चार मजली इमारती, असे त्याचे रूप ठरले. या रचनेमागे आधुनिक वास्तुविशारदांच्या १९३३ सालच्या परिषदेतून निघालेली आणि पुढे ‘अथेन्सची सनद’ म्हणून ओळखली गेलेली भूमिका होती. निवास, काम, विरंगुळा आणि वाहतूक ही शहराची चार कार्ये असून प्रत्येकाला स्वतंत्र जागा मिळावी, असे ती सांगते. चंडीगडच्या बाबतीत यातील तिसऱ्या कार्याला देहाची आणि आत्म्याची निगा असे व्यापक नाव देण्यात आले.

घर आणि काम यांच्यामध्ये इतकी स्पष्ट रेघ ओढणाऱ्या या शहरात आज सेक्टर १७ च्या शेजारच्या सेक्टर १८ मध्ये किंवा सेक्टर २२ मध्ये मोबाइलवरून वेळ ठरवून घरी मालिश करून घेणारी कुटुंबे आहेत, आणि त्या तासाभरात ही रेघ पुसली जाते. ज्याच्या अंगाला तेल लागते त्याच्यासाठी ती खोली घरच असते, पण तेल लावणाऱ्या व्यक्तीसाठी तीच खोली कामाची जागा असते. हे केवळ भावनेने म्हणायचे नाही. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई आणि निवारण) अधिनियम, २०१३ या कायद्याने कामाच्या ठिकाणाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात राहत्या घराचाही स्पष्ट उल्लेख आहे. घरी होणाऱ्या मालिशीकडून काय अपेक्षा ठेवावी, या प्रश्नाला सामान्यतः तेल, सुगंध, मंद दिवे आणि संगीत अशी उत्तरे दिली जातात. त्या सर्वांच्या आधी ही गोष्ट समजून घ्यायला हवी की एकाच खोलीचे तासापुरते दोन अर्थ झालेले असतात आणि मालिश चांगली होणे हे दोन्ही माणसांना दोन्ही अर्थ कळण्यावर अवलंबून असते.

चंडीगड, मोहाली आणि पंचकुला या तीन लगतच्या शहरांना मिळून तिकडे ट्रायसिटी म्हणतात. लष्कर, बँका किंवा केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन तेथे राहायला जाणाऱ्या मराठी कुटुंबाला मालिश घरी येणे ही कल्पना मुळीच नवी नसते. महाराष्ट्रातल्या गावगाड्यात बारा बलुतेदारांपैकी एक असलेला न्हावी हजामतीबरोबर डोक्याला तेल घालणे आणि अंग रगडणे ही कामेही करी, आणि त्याबद्दल त्याला रोख पैशांऐवजी सुगीला धान्याचा ठरलेला वाटा, म्हणजे बलुते, मिळे. कोल्हापूरच्या तालमींत मेहनत झाल्यावर पैलवान एकमेकांचे अंग रगडतात आणि ती मालिश व्यायामाचाच भाग मानली जाते. पुण्याजवळ उरुळीकांचन येथे महात्मा गांधींनी १९४६ साली सुरू केलेल्या निसर्गोपचार आश्रमात मालिश ही माती, पाणी आणि आहार यांच्या बरोबरीने उपचार म्हणून दिली जाते. आणि वर्षातून एकदा, नरक चतुर्दशीच्या पहाटे, ज्या घरात एरवी तेलाची बाटली कपाटाबाहेर निघत नाही तेथेही सुगंधी तेल आणि उटणे लावून अभ्यंगस्नान होते. अभ्यंग म्हणजे सर्वांगाला तेल लावून ते जिरवणे. उटणे म्हणजे त्यानंतर अंगावर चोळायचे सुगंधी वनस्पतींचे चूर्ण, ज्याला आयुर्वेदात उद्वर्तन या प्रकारात गणतात.

तरीही घरी येणाऱ्या मालिशीचे खरे मराठी रूप म्हणजे बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या बाई. सव्वा महिना, पुष्कळ घरांत त्याहूनही जास्त, त्या रोज सकाळी ठरल्या वेळी येतात, पदर खोचतात, वाटीतले तेल कोमट आहे ना हे मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टेकवून पाहतात, आणि आधी बाळंतिणीची कंबर, मांड्या, पोटऱ्या व पाठ तेलाने चोळून काढतात. मग पाटावर बसून पाय सरळ पसरून दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळाला आधी उताणे आणि नंतर पालथे घेतात. तान्ह्या बाळाची मान सावरण्यासाठी त्यांचा डावा हात जेथे असायला हवा तेथे आपोआप असतो आणि पाणी ओतताना ते बाळाच्या तोंडावर येऊ नये म्हणून तळहाताचा आडोसा कपाळाशी धरलेला असतो. या कौशल्याचा एकही कागद त्यांच्याजवळ नसतो. त्यांना महिन्याचे पैसे, बारशाला साडी-चोळी आणि ओटी मिळते, पण त्यांच्या हातातल्या ज्ञानाला ज्ञान म्हणण्याची पद्धत पडलेली नाही, आणि हा अन्याय आहे.

त्या ज्ञानाच्या मर्यादाही मोकळेपणाने मांडायला हव्यात. आजचे डॉक्टर बाळाच्या नाका-कानांत तेल घालू नये, धुरीचा धूर बाळाच्या श्वासात जाऊ देऊ नये आणि सिझेरियन झाले असल्यास टाक्यांची जागा भरून येईपर्यंत पोटाला मालिश करू नये असे बजावतात, आणि ते योग्यच आहे. दुसरीकडे, मालिशीचा तान्ह्या बाळांना उपयोग होतो का, हे आधुनिक वैद्यकालाही तपासून पाहावेसे वाटले. अमेरिकेत टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नियमित स्पर्श व हालचाल दिली गेली त्यांचे रोजचे वजन इतर बाळांच्या तुलनेत ४७ टक्के अधिक वाढल्याचे आढळले. आणि २००५ साली ‘इंडियन पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आलेल्या मुंबईतील अभ्यासाने खोबरेल तेलाची मालिश आणि खनिज तेलाची मालिश यांची तुलना करून खोबरेलाच्या बाजूने कौल दिला.

जुन्या मालिशीत खरी उणीव एका वेगळ्या ठिकाणी होती. बाळंतिणीला कोणी विचारत नसे. किती जोर लावायचा, पाणी किती कढत घ्यायचे, पोटाला पट्टा किती आवळायचा, हे बाई आणि घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रिया ठरवीत. जिच्या अंगाला हात लागतो तिने सोसायचे, आणि सोसण्यातच गुण आहे असे मानायचे. आजच्या प्रशिक्षित थेरपिस्टकडून, म्हणजे मालिशीचे रीतसर शिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडून, पहिली अपेक्षा कोणती ठेवावी असे कोणी विचारले तर उत्तर एकच आहे: तिने किंवा त्याने विचारावे.

ही विचारपूस तेल बाहेर निघण्याच्या आधी सुरू होते. ताप आहे का, रक्तदाब कसा आहे, मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली आहे का, अलीकडे शस्त्रक्रिया किंवा अस्थिभंग झाला आहे का, हाडे ठिसूळ झाल्याचे निदान आहे का, गर्भारपण आहे का, कर्करोगाचे उपचार चालू आहेत का, त्वचेवर संसर्ग किंवा उघडी जखम आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतल्या जात आहेत का, हे प्रश्न भोचकपणाचे नसतात. एक उदाहरण पुरेसे आहे. लांबच्या प्रवासानंतर किंवा दीर्घकाळ अंथरुणात राहिल्यानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखू लागली, तर तेथील खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, आणि अशा पोटरीला दाबून चोळल्यास गुठळी सुटून फुप्फुसापर्यंत जाण्याचा धोका असतो. अशा वेळी मालिश नाकारून डॉक्टरकडे पाठवणारी थेरपिस्ट हीच जाणकार समजावी. कोणाला मालिश करू नये हा विचार परंपरेतही आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग करावा, विशेषतः डोके, कान आणि तळपायांना तेल लावावे असे सांगून लगेच कफाने ग्रासलेल्या, नुकतीच शरीरशुद्धी केलेल्या आणि अजीर्ण झालेल्या माणसांना तो वर्ज्य ठरवला आहे. मालिशीच्या आधी भरपेट जेवू नये आणि जेवण झालेच असेल तर दीड-दोन तास जाऊ द्यावेत, हा आजचा सल्ला त्याच दिशेचा आहे.

खोलीची तयारी साधी असते. घडीचा पलंग सुमारे सहा फूट लांब आणि दोन-अडीच फूट रुंद असतो, आणि त्याच्या चारही बाजूंनी माणसाला वाकून फिरता येईल एवढी मोकळी जागा लागते. पलंग नसेल तर जमिनीवर जाड गादी चालते, मात्र काम करणाऱ्याच्या गुडघ्यांना आणि कमरेला त्याची झळ बसते. ल कॉर्बुझिए यांची ‘मोड्युलर’ ही मापनपद्धती हात वर करून उभ्या राहिलेल्या, १.८३ मीटर उंचीच्या माणसावर आधारलेली होती. घरातल्या या पलंगाची लांबी जवळजवळ तेवढीच भरते, पण तो आडव्या, थकलेल्या आणि डोळे मिटलेल्या माणसासाठी असतो, आणि शहराच्या आराखड्यात या माणसाचे माप कोणी घेतलेले नसते. चंडीगडच्या पौष-माघातल्या थंडीत खोली आधी गरम करून ठेवावी लागते, कारण तेल लावलेले उघडे अंग फार लवकर गार पडते. मुंबई-कोकणातून गेलेल्या कुटुंबाला तेथे आणखी एक गोष्ट शिकावी लागते: खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते, त्यामुळे हिवाळ्याचे कित्येक महिने बाटली गरम पाण्यात उभी केल्याशिवाय तेल ओतताच येत नाही. पंजाबी घरांत सरसूच्या, म्हणजे मोहरीच्या, तेलाची चाल आहे आणि थंडीत दुपारच्या उन्हात गच्चीवर ते अंगाला चोळले जाते. प्रौढाच्या धडधाकट त्वचेला ते चालते, पण तान्ह्या बाळाच्या नाजूक त्वचेला ते त्रासदायक ठरू शकते हे लक्षात ठेवून बाळासाठी खोबरेलच जवळ करावे.

यानंतरची दहा मिनिटे सर्वांत महत्त्वाची, आणि घाईची थेरपिस्ट नेमकी तीच उरकून टाकते. कपडे किती काढायचे हे मालिश घेणाऱ्याने ठरवायचे असते. थेरपिस्ट खोलीबाहेर जाते, घेणारा चादरीखाली पालथा झोपतो, आणि दारावर टकटक करून होकार मिळाल्यावरच ती आत येते. पुढचा सगळा वेळ चादर अंगावर राहते. ज्या अवयवावर काम चालू आहे तेवढाच उघडा केला जातो, चादरीची कड त्या अवयवाभोवती नीट खोचली जाते आणि काम संपताच तो पुन्हा झाकला जातो. या पद्धतीला ड्रेपिंग म्हणतात. वरवर पाहता ही चादरीची घडी आहे, पण घेणाऱ्याला कोणता भाग केव्हा उघडा होईल हे आधीच कळत असल्यामुळे त्याचे स्नायू सैल पडतात, आणि सैल न पडलेल्या स्नायूवर कितीही जोर लावला तरी त्याचा उपयोग होत नाही.

हातांच्या क्रिया पाच मानल्या जातात. स्वीडिश मालिश या नावाने जगभर पसरलेल्या पद्धतीचे श्रेय बहुधा पेर हेन्रिक लिंग यांना दिले जाते, कारण स्टॉकहोम येथे १८१३ साली त्यांनी व्यायामोपचाराची संस्था स्थापन केली होती. या क्रियांना नावे देऊन त्यांची मांडणी करण्याचे काम मात्र योहान गेऑर्ग मेत्झगर या डच वैद्याचे मानले जाते. पहिली क्रिया म्हणजे तळहात सपाट ठेवून लांब ओढीने तेल पसरवणे. दुसऱ्या क्रियेत कणीक तिंबावी तसे स्नायू उचलून, दाबून, सोडले जातात. तिसरीत अंगठ्याने किंवा बोटांच्या टोकांनी एकाच जागी खोल घर्षण होते, चौथीत हलके थापटणे आणि पाचवीत बोटांचा कंप असतो. पाठीवर काम करताना अंगठे कण्याच्या हाडांवर कधीही दाबायचे नसतात. कण्याच्या दोन्ही बाजूंनी मानेपासून कमरेपर्यंत उतरणारे स्नायूंचे जे लांब पट्टे असतात त्यांवरून ते सरकतात. जाणत्या हाताची एक खूण बारकाईने पाहण्यासारखी आहे: पलंगाच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जातानाही थेरपिस्टचा एक तळहात अंगाला टेकलेला असतो, म्हणजे डोळे मिटून पडलेल्या माणसाला ती कोठे आहे हे सतत कळत राहते.

जोराबद्दलचा गैरसमज मराठी घरांत फार खोल रुजला आहे. दुखले तरच मालिश लागू पडली असे समजणारे लोक दात आवळून पडून राहतात, आणि दुसऱ्या दिवशी अंगावर काळेनिळे डाग दिसले की समाधान मानतात. एक ते दहा अशा मोजपट्टीत सहा-सातच्या पुढची वेदना होऊ लागली की शरीर स्नायू आवळून स्वतःचा बचाव करू लागते, म्हणून जोर कमी करायला सांगणे हा घेणाऱ्याचा हक्क आहे आणि थेरपिस्टच्या कामात ती मदतच आहे. ‘दाब बरोबर आहे का?’ हा प्रश्न दोन-तीनदा कानावर यायला हवा. बोलायचे की गप्प राहायचे हेही घेणाऱ्याच्या मनावर असते. कोणाला डोळा लागतो, कोणाला कारण नसताना रडू येते, आणि यातील काहीच लाजिरवाणे नसते.

फायदा किती होतो, याचे उत्तर मोजून-मापून द्यायला हवे. जुनाट कंबरदुखीत मालिशीने काही काळ आराम पडतो, मात्र तो दीर्घकाळ टिकतो असा भक्कम पुरावा नाही, असा निष्कर्ष २०१५ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या जागतिक संस्थेच्या आढाव्यात निघाला. मालिशीने शरीरातील ‘विषद्रव्ये’ बाहेर पडतात असे जे सर्रास सांगितले जाते, त्याला आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. कंबरेतून पायात कळ उतरत असेल, पायाला मुंग्या येऊन ताकद कमी झाली असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर मालिशीची वेळ ठरवण्याऐवजी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एवढे वगळल्यावर जे उरते ते थोडे नाही: तासभर फोन बंद, श्वास संथ, आणि काही मागणी न करणारा स्पर्श. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या आयुष्यात असा स्पर्श कित्येक महिने येत नाही, आणि मालिशीचे मोल त्यांच्यासाठी बरेचसे तेथे आहे. मालिश संपल्यावर एकदम उठू नये, आधी कुशीवर वळून, काही क्षण बसून मग उभे राहावे. तेलकट तळपाय आधी पुसावेत, कारण स्नानगृहाच्या फरशीवर पाय घसरणे ही मालिशीनंतरची सर्वांत सहज टाळता येणारी इजा आहे.

आता त्याच खोलीचा दुसरा अर्थ. मोबाइलवरून बोलावलेली थेरपिस्ट घडीचा पलंग, चादरी आणि तेले यांचे ओझे घेऊन जिने चढून एका अनोळखी घरात शिरते, दार तिच्या मागे बंद होते आणि आत कोण आहे हे तिला माहीत नसते. घेणाऱ्याला तिचे नाव, छायाचित्र आणि गुण आधी दिसतात. तिला घेणाऱ्याविषयी त्याहून कितीतरी कमी कळते. सव्वा महिना येणाऱ्या बाईंना घराची आणि घराला बाईंची पारख होण्याइतका वेळ मिळे, आणि कोणत्या बाळंतिणीची कोणती नस धरते हे त्यांना चौथ्या दिवसापासून पाठ असे; ती ओळख नव्या पद्धतीने गमावली आहे, आणि तिच्या जागी पाच ताऱ्यांतले गुण आले आहेत. एखाद्याने चिडून दिलेला एक तारा पुढच्या कामावर परिणाम करतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्राम येथे घरपोच सेवा देणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयासमोर स्त्री-कामगारांनी निदर्शने केली ती कापल्या जाणाऱ्या कमिशनसारख्या कामाच्या अटींविरुद्धच होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची व्याख्या प्रथमच कायद्यात आणली, हे खरे पाऊल आहे. पण बंद दारामागच्या तासाभरात कोणत्याही कायद्याची अंमलबजावणी करायला घरातल्या माणसांशिवाय दुसरे कोणी नसते.

म्हणून घरी मालिश बोलावणाऱ्या प्रत्येकाला काही विनंत्या आहेत. आजार आणि औषधे लपवू नयेत. वेळ ठरवतानाच स्त्री हवी की पुरुष हे सांगावे आणि घरात आणखी कोण असेल याची कल्पना द्यावी. मालिशीपलीकडची कोणतीही सूचना, थट्टेतही, करू नये. केली गेल्यास काम अर्ध्यावर सोडून निघून जाण्याचा अधिकार समोरच्या व्यक्तीला आहे आणि त्या तासाचे पैसे तिला मिळायलाच हवेत. आल्यावर पाणी विचारावे, हात धुण्यासाठी आणि गरज पडल्यास वापरण्यासाठी स्नानगृह दाखवावे, कारण पुष्कळ घरांत हीच एक गोष्ट नाकारली जाते. बाळंतिणीकडे येणाऱ्या बाईंच्या बाबतीत आणखी एक: त्यांच्या आजारपणाच्या चार दिवसांचे पैसे कापू नयेत, आणि सव्वा महिना संपल्यावर त्यांच्या कामाबद्दल दोन ओळी लिहून, घराचा पत्ता व सही घालून तो कागद त्यांना द्यावा, कारण पुढच्या घरी दाखवण्यासाठी त्यांच्याजवळ तेवढाच दाखला असेल.